रबर कसे तयार होते : झाडाच्या चिकापासून कारखान्यापर्यंत

आपल्या संघाच्या सभासदांपैकी बहुतेकांचा रबराशी रोजचा संबंध येतो. परंतु हा पदार्थ येतो कोठून आणि होतो कसा, याची माहिती फार थोड्यांस असते. टायर, यंत्रांचे पट्टे व पादत्राणे विकणारे बंधू सोडले तरी धान्याच्या व्यापारातही रबर शिरलेले आहेच. खानापूर व चंदगडकडील भात ज्या गिरण्यांत भरडले जाते, तेथे जुन्या लोखंडी हलरची जागा आता बहुतेक ठिकाणी रबराच्या रोलांनी घेतली आहे. दोन रोल समोरासमोर फिरतात, एकाची गती दुसऱ्यापेक्षा काहीशी अधिक असते, आणि त्यांच्या मधून दाणा जाताना तूस सोलले जाते. तांदूळ मात्र फुटत नाही. कणी कमी पडते, हा त्यातला खरा लाभ. परंतु तुसात वाळूच्याच जातीचे कठीण द्रव्य असल्यामुळे रोल झिजतात व वारंवार बदलावे लागतात. त्यांच्या किमतीबद्दल गिरणीवाल्यांची कुरकुर मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. त्या कुरकुरीतूनच हा विषय समजून घ्यावा असे मला वाटले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, घाऊक धान्याचा व्यापारी; तेव्हा व्यापाऱ्याच्या नजरेला जे महत्त्वाचे वाटले, त्यालाच या लेखात अधिक जागा दिली आहे.

रबर म्हणजे मूळचा झाडाचा चीक. वडाचा, रुईचा, फणसाचा चीक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. फणस चिरताना हाताला व विळीला तेल का लावतात, हे घरातील स्त्रियांना सांगावयास नको. चीक देणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत व त्यांपैकी अनेकांच्या चिकात थोडेबहुत रबर असतेही. पण व्यापारी प्रमाणावर पुरेल इतके व उत्तम प्रतीचे रबर देणारे झाड मुख्यतः एकच. ते दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातले असून शास्त्रज्ञ त्याला हेविया ब्राझिलिएन्सिस म्हणतात. त्या प्रदेशातील मूळ रहिवासी फार पूर्वीपासून या चिकाच्या बाटल्या व पादत्राणे करीत असत. युरोपात प्रथम या पदार्थाचा उपयोग काय, तर शिसपेनीच्या रेघा पुसणे! इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने १७७० साली ही गोष्ट नमूद केली, आणि घासणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून त्या पदार्थाचे नाव रबर असे पडले. म्हणजे आपण ज्याला खोडरबर म्हणतो तोच या नावाचा मूळ धनी होय.

आता चीक काढण्याची क्रिया पाहू. माझ्या मते साऱ्या रबर-उद्योगाचे मर्म या क्रियेत आहे. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

चांगल्या जातीचा डोळा भरून तयार केलेले कलम लावल्यापासून सुमारे सात वर्षे मालकाला काहीही मिळत नाही. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर खोडाचा घेर ५० सेंटिमीटर भरला, म्हणजे झाड चीक काढण्यास योग्य झाले असे समजतात. हे काम पहाटे करावयाचे असते. रात्रभर झाडाच्या अंगात पाण्याचा दाब साठलेला असतो. ऊन चढू लागले की पानांवाटे पाणी उडू लागते, दाब उतरतो आणि चीक मंदावतो. म्हणून केरळातील चीक काढणारा मनुष्य कपाळाला दिवा बांधून अंधारातच बागेत शिरतो आणि सकाळच्या आत तीनशे ते चारशे झाडे उरकतो.

तो झाडावर घाव घालीत नाही. खोडाच्या निम्म्या घेरापर्यंत, डावीकडे उंच व उजवीकडे उतरती, अशी एक तिरपी खाच केलेली असते. चिकाच्या बारीक नळ्या सालीमध्ये अगदी सरळ उभ्या नसून किंचित एका बाजूस कललेल्या असतात. या दिशेने खाच घेतली म्हणजे अधिक नळ्या कापल्या जातात. दर खेपेस त्या खाचेच्या खालच्या कडेचा एक ते दीड मिलिमीटर जाडीचा पापुद्रा वाकड्या पात्याच्या सुरीने काढून घ्यावयाचा. लगेच पांढरेशुभ्र थेंब उमटतात, खाचेतून ओघळतात आणि खाली खोचलेल्या पत्र्याच्या पन्हळीतून करवंटीत अथवा प्लॅस्टिकच्या वाटीत पडतात. दोन-तीन तासांत नळ्यांची तोंडे चीक साकळून आपोआप बंद होतात. त्यानंतर एक दिवस, आणि पुष्कळ ठिकाणी दोन दिवस, त्या झाडाला विश्रांती असते. एका झाडापासून एका खेपेस निघणारे सुके रबर ठोकळ मानाने तीस ते पन्नास ग्रॅम! दुचाकीच्या एका टायरमागे किती झाडांची किती पहाटेची खेप असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता कसब कशात आहे ते पाहा. चिकाच्या नळ्या सालीच्या आतल्या भागात सर्वांत दाट असतात. आणि त्यांच्याही आत, लाकडाला लागून, झाडाच्या वाढीचा नाजूक थर असतो. सुरी त्या थरापासून सुमारे एक मिलिमीटर अलीकडे थांबली पाहिजे. उथळ कापले तर चीक कमी येतो. खोल गेले तर वाढीच्या थराला जखम होते, त्या जागी साल सरळ भरून न येता गाठी उठतात, आणि पुढे त्या भागातून चीक काढता येत नाही. कसबी हाताने काढलेली साल मात्र सात-आठ वर्षांत पुन्हा भरून येते व तिच्यातून दुसऱ्यांदा चीक मिळतो. अशा रीतीने एकच झाड वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न देते. शिवाय अधिक लोभाने रोजच चीक काढला, तर झाड कोरडे पडून साफ थांबते, असाही अनुभव आहे. पावसाळ्यात खाचेत पाणी शिरून चीक वाहून जाऊ नये म्हणून खोडाभोवती प्लॅस्टिकचा झगा चिकटवितात. आणि माघाच्या सुमारास पानगळ होऊन नवी पालवी येते तेव्हा काही आठवडे काम बंद ठेवतात.

एक मिलिमीटर साल राखून ठेवण्याची ही रीत फार जुनी नाही. सिंगापूरच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी ती १८९० नंतरच्या दशकात प्रयोग करून बसविली. तोपर्यंत ब्राझीलमध्ये लहान कुऱ्हाडीने खोडावर ठिकठिकाणी टोचे मारीत. त्यामुळे खोड गाठाळ होई. रिडली यांनी जुनीच खाच पुन्हा पुन्हा उघडली, व त्यांच्या असे ध्यानात आले की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून चीक उलट वाढतो. मळेवाले तेव्हा कॉफीत गुंतलेले. रिडली भेटेल त्याच्या खिशात रबराच्या बिया कोंबीत, म्हणून लोकांनी त्यांस वेडा रिडली असे नाव ठेवले. त्यांचे ऐकून १८९६ साली मलाक्का येथे पहिला मळा उभा केला तो टॅन चे यान या चिनी व्यापाऱ्याने. वेडे ठरलेले रिडली पुढे शंभर वर्षे जगले आणि १९५६ साली वारले. तोपर्यंत मलाया हा रबराचा देश म्हणून जगाला माहीत झाला होता.

त्या बियांची हकीकतही सांगण्याजोगी आहे. हेन्री विकहॅम या इंग्रजाने १८७६ साली ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया जहाजाने लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात नेल्या. रबराचे बी तेलकट असते व फार लवकर मरते. बियाण्याचा व्यवहार करणाऱ्या आपल्या सभासदांस याचे नवल वाटणार नाही. सत्तर हजारांतून शेकडा चारही उगवले नाहीत. जी रोपे जगली ती सिलोन व सिंगापूर येथे गेली, आणि आशियातील बहुतेक साऱ्या रबराचे मूळ त्या थोड्या रोपांत आहे. ब्राझीलमध्ये आजही विकहॅमला चोर म्हणतात. इंग्रज म्हणतात की बिया नेण्यास मनाई करणारा कायदाच तेव्हा नव्हता. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या आहेत असे मला वाटते. गमतीची गोष्ट अशी की, ज्या भूमीत हे झाड जन्मले तेथेच त्याचा मळा होत नाही. तेथील पानांवर पडणारा एक बुरशीचा रोग जंगलात विखुरलेल्या झाडांना फारसा बाधत नाही, पण ओळीने लावलेल्या मळ्याचा फडशा पाडतो. मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने १९२८ पासून ॲमेझॉनच्या खोऱ्यात अफाट पैसा ओतला आणि १९४५ साली सारे मोठ्या तोट्यात ब्राझील सरकारच्या हवाली करावे लागले.

मळे पिकू लागण्यापूर्वी जगाला लागणारे रबर जंगलातूनच येत असे, आणि त्या काळातली एक गोष्ट व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत आलीच पाहिजे. १८८८ साली डनलॉपने सायकलीसाठी हवा भरलेला टायर काढला. पुढे मोटारी आल्या. रबराचा भाव भडकला. आफ्रिकेतील काँगोच्या जंगलात रबर देणाऱ्या वेली होत्या. बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८८५ पासून तो सारा प्रदेश स्वतःची खासगी मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला होता. गावागावांवर रबराचा ठरावीक बोजा बसविण्यात आला. तो भरेपर्यंत बायकांना ओलीस ठेवीत. पुरुष जंगलात दूर दूर जात व वेली तोडूनच चीक काढीत, कारण राखून कापण्यास सवड कोणाला होती? जवळच्या वेली संपल्या तरी बोजा तोच राही. बोजा न भरणाऱ्यांना गोळ्या घातल्या जात, आणि काडतूस वाया गेले नाही याचा पुरावा म्हणून शिपाई तोडलेले हात मोजून देत. मेलेल्यांच्या बरोबर जिवंतांचेही हात गेले.

हा प्रकार उघडकीस कसा आला, ते आपण लक्षात घ्यावे. लिव्हरपूलच्या ज्या जहाज-कंपनीकडे काँगोची वाहतूक होती, तिच्यातील एडमंड मोरेल नावाच्या एका कारकुनाला कामानिमित्त अँटवर्प बंदरात वरचेवर जावे लागे. त्याने आवक-जावकीचे आकडे पाहिले. काँगोहून जहाजे येत ती रबर व हस्तिदंताने भरलेली. परत जात तेव्हा त्यांत कापड, भांडी वा दुसरा विक्रीचा माल जवळजवळ नसे, असत त्या बंदुका आणि दारूगोळा. एवढा माल येतो व त्याच्या मोबदल्यात काहीच जात नाही, तर मग तो विकत घेतलेला नाही. तो हिसकावून घेतलेला आहे. काँगोत पाऊल न ठेवता केवळ खतावणीवरून त्याने हे अनुमान काढले. १९०१ मध्ये नोकरी सोडून त्याने लेखणी हाती घेतली. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट याचा प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला, आणि १९०८ मध्ये राजाला तो प्रदेश सोडून बेल्जम सरकारच्या स्वाधीन करावा लागला. पुढील दहा वर्षांत आशियातील मळ्यांचे स्वस्त रबर बाजारात आले आणि जंगली रबराचा व्यापार आपोआप बसला. चामडे वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांत रबरी पादत्राणे निर्दोष म्हणून वापरली जातात. माल निर्दोष आहे की नाही हे मालाकडे पाहून कळत नाही, तो कसा मिळविला हे पाहून कळते, असे मोरेलची हकीकत वाचल्यापासून मला वाटत आले आहे.

आता पुन्हा बागेत येऊ. करवंट्यांतला चीक बादल्यांत गोळा झाला. या चिकात रबर किती? शंभर भागांत ठोकळ मानाने तीस ते चाळीस. उरलेले मुख्यत्वे पाणी. म्हणजे शेतकरी जो चीक वजनाने घालतो त्यात दोनतृतीयांश पाणीच असते, आणि दर ठरतो तो सुक्या रबरावर. ओलाव्यावरून मालाची किंमत कापण्याचा प्रश्न धान्याच्या बाजारातही रोजचाच आहे. पण धान्यात तो दहा-वीस टक्क्यांचा असतो, येथे साठ-सत्तर टक्क्यांचा! चटकन अंदाज घेण्यासाठी एक तरंगते काचेचे मापक वापरतात. दुधाच्या मापकाचा न्याय येथे उलटा आहे हे ध्यानात ठेवावे. रबर पाण्याहून हलके असते. म्हणून चीक घट्ट असेल तर मापक अधिक बुडते, आणि चिकात पाणी घातले तर ते वर येते. परंतु खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. तोलून घेतलेला नमुना आम्लाने साकळवितात, दाबून पातळ करतात, भट्टीत सुकवितात व पुन्हा तोलतात. समजा, एखाद्याने २०० किलो चीक घातला व त्यात शेकडा ३६ रबर आहे. त्याचे ७२ किलोचे पैसे झाले. तोच आकडा ३३ असा लिहिला गेला तर ६६ किलोचे होतात. सहा किलोंचा फरक वजनकाट्यात नव्हे, तर नमुन्यात पडला. धान्याच्या पोत्यात परखी कोठे मारली यावरून किती भांडणे होतात हे जाणणाऱ्यांस यापेक्षा अधिक सांगावयास नको.

चिकाचे पुढे दोन मार्ग होतात. हातमोजे, फुगे इत्यादी वस्तूंसाठी तो पातळच लागतो. असा चीक साकळू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात आणि लोणी काढण्याच्या यंत्रासारख्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून त्यातील रबराचे प्रमाण शेकडा साठपर्यंत आणतात. दुसरा मार्ग ताव करण्याचा. तिकडे त्याला शीट म्हणतात. चीक गाळून, पाणी घालून पातळ करतात व पसरट ताटांत ओततात. त्यात थोडे फॉर्मिक आम्ल घालतात. हे आम्ल म्हणजे मुंगीच्या दंशात असते तेच. त्याच्या नावातही लॅटिनमधली मुंगी आहे. काही तासांत दह्यासारखी घट्ट वडी जमते. ती गुळगुळीत रुळांतून दाबून पाणी काढतात आणि शेवटी खाचांच्या रुळांतून काढतात, त्यामुळे तावावर रेघा उमटतात. या रेघा शोभेच्या नव्हेत; त्यांच्यामुळे पृष्ठभाग वाढून ताव लवकर सुकतो व थप्पीत एकमेकांस चिकटत नाही. मग सावलीत निथळवून ताव धुराच्या कोठीत टांगतात. चार-पाच दिवस सौम्य उष्णता व धूर लागला की पांढरा अपारदर्शक ताव मधाच्या रंगाचा, पारदर्शक होतो. धुरामुळे बुरशीही धरत नाही.

या तावांची प्रतवारी अजूनही नजरेने होते. पारखी मनुष्य ताव उजेडासमोर धरतो व बुडबुडे, कचरा, बुरशीचे डाग, कमी-अधिक धुरावलेपण पाहून क्रमांक लावतो. क्रमांक एक ते पाच. पहिल्याच्याही वर एक खास प्रत आहे. कोट्टायमच्या बाजारात भाव बोलला जातो तो विशेषतः चौथ्या प्रतीचा. करवंटीत उरून आपोआप साकळलेले गोळे, खाचेत सुकलेल्या दोऱ्या, जमिनीवर सांडलेला चीक, हेही फेकून देत नाहीत. ते धुऊन, बारीक तुकडे करून, सुकवून व दाबून ठोकळे करतात. ठोकळ्यांची प्रतवारी मात्र नजरेने नसून तपासणीने होते, आणि त्यांच्या नावातील आकडा कचऱ्याच्या प्रमाणावरून आलेला आहे. डोळ्यांची पारख चांगली की यंत्राची, हा वाद धान्याप्रमाणे तिकडेही आहे. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने, ज्या तपासणीचा कागद हाती मिळतो ती बरी, असे माझे मत आहे.

एवढे झाले तरी हे कच्चे रबर. त्याच्या चपला केल्या तर उन्हाळ्यात त्या चिकटतील आणि कडक थंडीत ताठ होऊन तडकतील. याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पाच कर्ब व आठ उद्‌जन अणूंचा एक लहानसा घटक हजारो वेळा जोडला जाऊन लांबच लांब साखळी होते. अशा असंख्य साखळ्या शेवयांच्या गुंत्याप्रमाणे एकमेकींत अडकलेल्या असतात. ताणल्यावर त्या सरळ होतात व सोडल्यावर पुन्हा गुंडाळतात, म्हणून रबर ताणते. पण साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसल्यामुळे उष्णतेने सरकू लागतात. मग त्यांना जागोजागी टाके घातले तर?

हे टाके घालणारे द्रव्य म्हणजे गंधक. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर या मनुष्याने पाच वर्षे कर्जे काढून, तुरुंगात जाऊन, घरातल्या चुलीवर नाना पदार्थ रबरात मिसळून पाहिले. सरकारी टपालाच्या पिशव्यांचा मोठा ठेका त्याला मिळाला होता; त्या पिशव्या उन्हाळ्यात वितळून गेल्या. १८३९ साली गंधक मिसळलेल्या रबराला तापलेल्या शेगडीची आच लागली, तेव्हा ते वितळण्याऐवजी चामड्यासारखे झाले. हाच तो शोध. इंग्लंडातील टॉमस हॅनकॉक याने गुडइयरच्या मालाचे तुकडे पाहून स्वतः प्रयोग केले आणि १८४३ मध्ये तिकडे आधी हक्क नोंदविला. गुडइयरचा अमेरिकेतील हक्क १८४४ चा. इंग्लंडात गुडइयर दावा हरला, व १८६० साली मोठे कर्ज मागे ठेवून वारला. त्याच्या नावाची जी प्रसिद्ध टायर-कंपनी आहे ती १८९८ साली निघाली. तिचा त्याच्या घराण्याशी संबंध नाही. हॅनकॉक मात्र धूर्त व्यापारी होता. रबराचे तुकडे मळून एकजीव करणारे दातेरी यंत्र त्याने १८२० च्या सुमारास केले होते व कोणाला सुगावा लागू नये म्हणून त्याला तो लोणचे या अर्थाच्या शब्दाने संबोधीत असे. कारखान्यात लोणचे काय शिजते आहे हे बाहेरच्यांना बरीच वर्षे कळले नाही.

गंधक किती घालावे यावर वस्तू ठरते. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग गंधक घातले की टायर-ट्यूबसारखे लवचीक रबर होते. तीस-चाळीस भाग घातले तर काळे, लाकडासारखे टणक एबोनाइट होते. जुन्या शाईच्या पेनांचे दांडे याचेच. मात्र एकदा टाके पडले की ते सहजी उसवत नाहीत. कच्चे रबर म्हणजे मळलेली कणीक, आणि गंधकाची आच लागलेले रबर म्हणजे भाजलेली भाकरी; तिचे पुन्हा पीठ होत नाही. जुन्या टायरांचे ढीग जगभर साठले आहेत ते यामुळे. त्यांवर नवा थर चढविणे, भुगा करून डांबरात मिसळणे, उष्णतेने व रसायनांनी हलक्या प्रतीचे रबर परत काढणे असे उपाय चालतात.

कारखान्यातील काम एका अर्थी कणीक मळण्याचेच आहे. कच्चे रबर प्रथम रुळांत अथवा बंद यंत्रात मळून मऊ करतात. नंतर त्यात काजळी, जस्ताची भस्मे, तेल, स्टिअरिक आम्ल, क्रिया जलद करणारी द्रव्ये व सर्वांत शेवटी गंधक मिसळतात. पाळणूक करणाऱ्या सभासदांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. स्टिअरिक आम्ल जनावरांच्या चरबीपासूनही बनते व पामसारख्या वनस्पतितेलापासूनही बनते. तयार वस्तू पाहून ते ओळखता येणार नाही. ज्याला जाणून घ्यावयाचे आहे त्याने कारखानदाराकडे लेखी विचारणा करावी. विचारणारे वाढले म्हणजे सांगणारेही वाढतात.

टायर काळा का, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर काजळी. रबर स्वतः पांढरट असते आणि पहिले टायर तसेच असत. पुढे असे आढळले की बारीक काजळी घातल्याने टायर कितीतरी कमी झिजतो. आज रस्त्याला लागणाऱ्या भागात वजनाने चतुर्थांशाच्या आसपास काजळीच असते. भात भरडण्याचे रोल मात्र पुष्कळदा पांढरट वा तांबूस दिसतात, कारण तांदळाला काळा डाग चालत नाही. तेथे काजळीऐवजी बारीक सिलिका वापरतात. टायर करताना पोलादी तारेची कडी, रबर लावलेल्या कापडाचे व तारांचे थर आणि वरचा जाड पट्टा एकावर एक रचून कच्चा टायर करतात, मग तो साच्यात घालून वाफेच्या उष्णतेने भाजतात. नक्षी त्या वेळी उमटते आणि गंधकाचे टाकेही त्याच वेळी पडतात.

हल्ली जे रबर वापरात आहे त्यातले निम्म्याहून थोडे अधिक झाडाचे नसून खनिज तेलापासून केलेले असते. जपानने १९४२ मध्ये मलाया व जावा-सुमात्रा घेतले तेव्हा अमेरिकेला झाडाचे रबर मिळेना, आणि तिने कृत्रिम रबराचे कारखाने झपाट्याने उभे केले. जर्मनीने तर त्यापूर्वीच केले होते. तरीही विमानाच्या व अवजड मालमोटारींच्या टायरांत झाडाच्या रबराला अद्याप तोड नाही. ते ताणले असता फाटत नाही व घर्षणाने कमी तापते.

आपल्या देशात व्यापारी लागवडीचा प्रारंभ १९०२ साली केरळात पेरियार नदीकाठी तट्टेक्काड येथे झाला. १९४७ च्या कायद्याने रबर बोर्ड स्थापन झाले. त्याचे कार्यालय कोट्टायमला आहे. त्याच्या संशोधनसंस्थेने काढलेले १०५ क्रमांकाचे वाण १९८० मध्ये लागवडीस खुले झाले आणि त्याने केरळच्या बागांचे उत्पन्न पुष्कळ वाढविले. २०२३-२४ साली देशात सुमारे साडेआठ लाख टन रबर निघाले, आणि खप चौदा लाख टनांच्या वर होता, उरलेले आयात. विशेष हे की, हे रबर मोठ्या मळ्यांतून नव्हे तर बव्हंशी अर्ध्या-एक हेक्टरच्या लहान बागांतून येते. केरळानंतर त्रिपुराचा क्रमांक लागतो. महाराष्ट्रातही पालघरकडील डापचरी येथे रबर बोर्डाच्या केंद्राने प्रयोग केले. तेथील कोरड्या उन्हाळ्यात झाडे फार सावकाश वाढतात व पाणी दिले तर काही वर्षे लवकर तयार होतात, असे त्यांत दिसून आले.

आपल्या घाटाखाली, गोव्यात आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडी भागात, केरळातून आलेल्या लोकांनी रबराच्या बागा लावल्या. स्थानिकांस त्यापासून रोजगार मिळाला हे खरे. सह्याद्रीचे जंगल तुटते ही तक्रारही खरी, आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या पट्ट्यात वृक्षतोडीस मनाई केली. रबराची बाग दुरून हिरवीगार दिसते. पण एकाच जातीची झाडे ओळीने उभी असलेली बाग म्हणजे जंगल नव्हे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये या स्वरूपाचा एक कायदा केला असून त्यात रबर व टायर यांचा स्पष्ट समावेश आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेल्या जमिनीतला माल त्यांच्या बाजारात विकता येणार नाही. अंमलबजावणीची मुदत दोनदा पुढे गेली आहे. परंतु तो लागू झाला म्हणजे टायर जहाजावर चढण्यापूर्वी त्यातील रबर ज्या बागेत निघाले तिचे अक्षांश-रेखांश कागदावर दाखवावे लागतील. त्यासाठी रबर बोर्डाने आपल्याकडील बागांचे नकाशे नोंदविण्याचे काम हाती घेतले आहे, आणि अर्ध्या हेक्टरच्या धन्यालाही त्या नोंदीत नाव घालावे लागणार आहे.